कोड म्हणजे कुष्ठ नव्हे

अंगावर पांढरा डाग दिसू लागला की, रोगापेक्षा त्याच्या नावाचीच धास्ती अधिक घेतली जाते. 'श्वेतकुष्ठ' या जुन्या नावामुळे कोडाची सांगड कुष्ठरोगाशी घातली गेली. वस्तुतः हे दोन सर्वस्वी भिन्न विकार होत. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. त्याचा चट्टा फिकट वा तांबूस असून तेथील संवेदना बहुधा मंदावते. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो व तेथे स्पर्श, उष्णता, टोचणी नेहमीप्रमाणे जाणवते. कोड संसर्गजन्य नाही.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य विशिष्ट पेशी तयार करतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा या पेशींनाच परके मानून नष्ट करू लागली की, कोड उद्भवते. दूध व मासे एकत्र खाल्ल्याने ते होते, या समजुतीस आधार नाही.

कोडाचे प्रकार

सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखेच डाग उमटतात. ओठ व बोटांची टोके येथील डाग उपचारांस सहसा लवकर दाद देत नाहीत. क्वचित जवळजवळ सर्वांग पांढरे होते. एकाच बाजूस पट्ट्याप्रमाणे येणारे कोड बहुधा लहान वयात सुरू होते, झपाट्याने वाढते आणि पुढे स्थिरावते. याखेरीज टिकलीच्या गोंदातील किंवा रबरी चपलेतील रसायनामुळेही पांढरे डाग पडतात. अशा वेळी त्या वस्तूचा वापर तत्काळ थांबवावा.

उपचार

प्रारंभीच त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यास मलमे व अतिनील किरणोपचार यांनी अनेकांच्या त्वचेस रंग परत येतो. दीर्घकाळ न वाढलेल्या डागांवर त्वचारोपण करता येते. बावची मनाने लावून उन्हात बसल्यास मात्र त्वचा भाजण्याचा संभव असतो.

समाजाचे कर्तव्य

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' (२००६) या चित्रपटाने कोड असलेल्या सुशिक्षित तरुणीच्या विवाहाचा प्रश्न मांडला. तो प्रश्न अद्याप मिटलेला नाही. कोड असलेल्या मुलास शिक्षकांनी वर्गात वेगळे बसू देऊ नये. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही माहिती द्यावी आणि बधिर चट्टा आढळल्यास त्या व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. कुष्ठरोगावर तेथे विनामूल्य उपचार होतात व तो पूर्ण बरा होतो. दोहोंपैकी कोणत्याही रुग्णास दूर लोटण्याचे कारण उरलेले नाही.