पाना मुलांच्या हातात द्या

ओहायो, इंडियाना, मिशिगनकडे स्थायिक झालेल्या आईबाबांनो, मूल 'मला सोपबॉक्स डर्बीत उतरायचंय' म्हणालं, तर लगेच नाही म्हणू नका. तुमच्यातल्या कित्येकांनी गॅरेजमधून जुनी बेअरिंग मागून आणून, फळीखाली ठोकून गल्लीच्या उतारावरून गाडी सोडलेली असेल. हा त्याच जातीचा खेळ आहे. इथे नियम आहेत, ब्रेक आहे आणि डोक्यावर हेल्मेट आहे.

डेटनमध्ये १९३३ साली मायरन स्कॉट या वृत्तपत्र छायाचित्रकाराने पोरांना घरी केलेल्या गाड्या पळवताना पाहिलं आणि पुढच्याच वर्षी देशभरातल्या मुलांची शर्यत भरवली गेली. १९३५मध्ये ती अ‍ॅक्रनला गेली, आणि १९३६पासून तिथल्या डर्बी डाउन्स या खास बांधलेल्या उतारावर होते. मुलींना मात्र १९७१पर्यंत प्रवेश नव्हता. त्यानंतर चारच वर्षांत, १९७५ला, अकरा वर्षांची कॅरन स्टेड अजिंक्य ठरली. मुलीच्या आईबाबांनी हे वर्ष जरूर लक्षात ठेवावं.

सुरुवात सातव्या वर्षापासून 'स्टॉक' गटात करता येते. गाडीचा संच विकत मिळतो. अनेक ठिकाणचे स्थानिक गट नवख्यांना वापरलेली गाडीही देतात. गाडीला इंजिन नसतं, ती फक्त उताराच्या जोरावर धावते. गाडी आणि चालक यांचं मिळून वजन ठरलेल्या मर्यादेत बसवावं लागतं, म्हणून हलक्या मुलाच्या गाडीला वजनं जोडतात. मग फरक पडतो कुठे? अ‍ॅक्सल काटकोनात बसला का, स्टिअरिंगची केबल नेमकी ताणली का, आणि मुख्य म्हणजे मुलाने गाडी सरळ ठेवली का. चाक दर वेळी इकडेतिकडे वळवलं की वेग थोडा थोडा गळतो. चाकांमुळे कोणाला फायदा होऊ नये म्हणून बऱ्याच शर्यतींत दोन गाड्या एकदा पळवतात, मग चाकं आणि लेन यांची अदलाबदल करून पुन्हा पळवतात, आणि दोन्ही वेळचा फरक एकत्र मोजतात. मला ही पद्धत फार आवडते. 'त्याची चाकं चांगली होती' असं म्हणायला जागाच उरत नाही.

आता खरं सांगायचं ते. पाना मुलांच्या हातात द्या. आपण शिकलेली, त्यातही इंजिनिअर मंडळी. तासाभरात जुळणारं काम मूल दोन शनिवार घेत असेल तर आपला जीव वरखाली होतो. होऊ दे. १९७३ साली अ‍ॅक्रनला जिंकलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला. सुटण्याच्या वेळी पुढची लोखंडी पट्टी खाली पडताना तो गाडीला पुढे ओढत होता. त्यामागे नात्यातल्याच एका मोठ्या माणसाचा हात होता. अजिंक्यपद गेलं ते मुलाचं, आणि साऱ्या देशापुढे मान खाली गेली तीही त्याचीच. इतक्या टोकाला कोणी जाणार नाही. पण मूल झोपल्यावर त्याने बसवलेला अ‍ॅक्सल गुपचूप नीट करून ठेवायचा मोह तुम्हाला नक्की होईल.

ब्रेक मात्र तुम्ही स्वतः तपासा, प्रत्येक वेळी. बाकी कुठे चुकलं असं वाटलं तर विचारा, 'हे असं का बसवलंस?' आणि उत्तर येईपर्यंत थांबा. या हंगामात आधी जवळची एखादी स्थानिक शर्यत नुसती बघायला जा. तिथे मूल गाड्यांखाली वाकून वाकून पाहायला लागलं, तर घरी येऊन नोंदणीचं बघा.