व्हिनियरचं गाडगं: वऱ्हाडात मंडळ जमवून करायची कृती

लाकडी तुकड्यांच्या चित्रांचं मंडळ अमरावतीत किंवा अकोल्यात काढायचं, तर आधी महिना पाहावा लागतो; डिझाइन नंतर. व्हिनियर म्हणजे लाकडाचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की तो नुसता उचलताना चिरतो. श्रावणात फुगतो, आणि तसा फुगलेला असताना जोडलेलं चित्र दिवाळीनंतर सांध्यासांध्यात उघडं पडतं. म्हणून चिकटवण्याचं काम दसरा ते होळी या काळातच उरकायचं. उन्हाळ्यात चित्रं काढावीत, पावसाळ्यात टाकाऊ तुकड्यांवर कापण्याचा हात बसवावा. आणि कूलरच्या झोतासमोर व्हिनियर कधीही ठेवू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी तो सुरू असतो. दिवसभर व्हिनियरचे पत्रे ओल पितात, वीज गेली की दोन तासांत आकसतात. दोन प्लायच्या मध्ये सपाट ठेवून, वर प्लास्टिक गुंडाळून पलंगाखाली ठेवलेले बरे.

मंडळाला माणसं पाच ते आठ पुरतात. त्यांत एक तरी रोज काम करणारा सुतार मिस्त्री हवा, आणि तो वर्गणीशिवाय. हौशी माणूस पुस्तकातून चार गोष्टी शिकतो, पण कुठल्या सागाची रेषा कुठल्या बाजूला फाटेल हे मिस्त्रीला बोट फिरवूनच कळतं. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी तो येणार नाही हे धरूनच वेळापत्रक आखा. रीतसर संस्था करायची झाली तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान 7 सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद करावी लागते. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं त्या भानगडीत पडू नका. एक वही, एक खजिनदार, एक पत्र्याची पेटी पुरे.

खरं मंडळ म्हणजे ती पेटीच. दुकानदार व्हिनियरचा अख्खा पत्रा देतो. एका चित्राला त्यातलं वीतभर लागतं. एकट्याने साग, अक्रोड, ओक, महोगनी असे चार पत्रे आणणं परवडत नाही. सगळ्यांनी मिळून आणायचे आणि वाटून घ्यायचे. तळहाताएवढा तुकडा उरला की मागे पेन्सिलने लाकडाचं नाव लिहून पेटीत परत, हा नियम कडक पाळावा. फर्निचरवाल्यांकडे कपाटांची दारं झाली की लांब कात्रणं पडतात. रविवारी सकाळी कुणी मागायला गेलं तर बहुतेक जण फुकट देतात.

मेळघाटचं जंगल जवळ असल्याने तिथल्या लाकडाचा मोह होतो. हळदूचं पिवळं, शिवणीचं दुधाळ, शिसवीचं जांभळट काळं, बिबळ्याचं तांबूस, असे रंग दुकानात सहसा मिळत नाहीत. पण मेळघाट 1973 च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या 9 क्षेत्रांपैकी एक आहे. तिथून उचललेली काडीसुद्धा पेटीत येता कामा नये. परतवाड्याला लाकडाचा जुना व्यापार आहे. तिथून पावती घेऊन ठोकळा आणा आणि आरागिरणीवर त्याच्या 2 मिलिमीटरच्या पट्ट्या काढून घ्या. फक्त या जाड पट्ट्या आणि दुकानातला पातळ पत्रा एकाच चित्रात घालू नका. घासताना पातळ तुकडा आधी संपतो.

पहिलं चित्र गाडग्याचं घ्या. संत गाडगेबाबांचा जन्म 1876 चा, शेंडगावचा. 1956 साली वलगावजवळ ते गेले. त्यांचं फुटकं गाडगं अमरावतीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शिकणाऱ्यासाठीही ते सोयीचं: तुकडे थोडे, कडा गोल, आणि छटा दिल्याशिवाय त्याला पोट येत नाही.

6 बाय 8 इंचाचा सागाचा तुकडा घ्या, रेषा आडव्या. हीच पार्श्वभूमी. ट्रेसिंग पेपरवरचं चित्र कार्बनने त्यावर उतरवा. हत्यार म्हणून सर्जिकलच्या दुकानातला 3 नंबरचा दांडा आणि 11 नंबरची पाती आणा. पात्याचं टोक मोडलं की लगेच बदला, बोथट पातं रेषा उपटतं. खाली स्टेशनरीच्या दुकानातली कटिंग मॅट. आता जमिनीच्या पट्टीचा आकार सागातून कापून काढा. पहिला हात नुसता ओरखड्याचा, दुसऱ्या-तिसऱ्या हाताला आरपार. झाली खिडकी. खिडकीच्या मागे अक्रोडाचा पत्रा सरकवा, रेषांची दिशा मनासारखी आली की मागून मास्किंग टेपने धरा, आणि खिडकीच्या कडेकडेने पात्याचं टोक फिरवून खूण करा. पत्रा काढून खुणेवर कापा. तुकडा खिडकीत बोटाने दाबून बसला पाहिजे. सैल असेल तर नवा कापा, तुकड्याला पैसे पडत नाहीत. कडेला टूथपिकने फेव्हिकॉलची रेघ, दर्शनी बाजूने टेप, पुढचा तुकडा.

क्रम मागून पुढे ठेवायचा: जमीन, गाडग्याचा डावा अर्धा, उजवा अर्धा, गळा, तोंडातला काळोख, शेवटी काठ. पुढचा तुकडा जिथे येणार तिथे आधीचा थोडा जास्तच ठेवावा. नवी खिडकी कापताना तो आपोआप छाटला जातो आणि फट राहत नाही.

पोटाचे दोन्ही अर्धे बसवण्याआधी वाळूत भाजायचे. लोखंडी कढईत दोन बोटं बारीक, धुऊन वाळवलेली वाळू, मंद आच, भडभुंजा फुटाण्यांना ठेवतो तशी. टाकाऊ तुकडा चिमट्याने त्यात उभा धरा: 10 सेकंदांत कड बदामी झाली तर वाळू तयार, काळी पडली तर आच कमी करा. मग गाडग्याच्या अर्ध्या तुकड्याची बाहेरची कड बुडवा, काढा, बघा, पुन्हा थोडी कमी खोल बुडवा. छटा हवी त्याहून एक पायरी गडदच ठेवा, घासताना वरचा थर जातो. भाजल्याने तुकडा आकसतो. ओल्या बोटाने पुसून मिनिटभर दोन प्लायमध्ये दाबला की बराचसा मूळ मापाला येतो. कढई मात्र नंतर स्वयंपाकघरात नेऊ नये.

चित्र जुळलं की 12 मिलिमीटरचा एमडीएफ घ्या. फेव्हिकॉल पातळ, एकसारखा, आणि फक्त एमडीएफला लावा, चित्राला नाही. टेप असलेली बाजू वर. मागच्या बाजूला त्याच वेळी एखादा स्वस्त पत्रा चिकटवा, एकाच अंगाला ओल आली तर फळी वाकते. वरखाली प्लास्टिक, त्यावर 18 मिलिमीटरचे प्लाय, 4 सी-क्लॅम्प. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. पूर्ण एक दिवस हात लावू नका.

टेप काढताना जरा पाणी लावा आणि तुकड्याच्या रेषेच्या दिशेनेच ओढा. फटी राहिल्या असतील तर त्याच लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून लांबी भरा. गाडग्याचा तडाही असाच करायचा: पात्याने वाकडीतिकडी चीर पाडून त्यात शिसवीचा भुसा. मग ठोकळ्यावर 220 नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी 320. मशीनचा मोह नको, अर्धा मिलिमीटर बघता बघता जातो. घासण्याआधी चपड्याचा एक पातळ हात द्यावा, नाहीतर अक्रोडाची काळी धूळ फिकट लाकडात शिरते आणि निघत नाही. चपडा लिटरभर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळलेला. सुती बोळ्याने 6-7 हात, प्रत्येक हात वाळू देऊन, खिडकी उघडी आणि जवळपास शेगडी बंद.

मागे अमुक लाकूड, अमुक महिना असं लिहून ठेवा. पुढच्या दसऱ्याला ती फळी पुन्हा सगळ्यांनी मिळून पाहायची, कुठला सांधा उघडला ते बोटाने तपासायचं, आणि मगच गाडगेबाबांच्या खराट्याचं चित्र घ्यायचं. त्यात काड्या रेषेच्या दिशेने कापाव्या लागतात, पातं हातातून पळतं. गाडगं बसल्याशिवाय तो हात येत नाही.