हायब्रिड गाडीला किती ऑक्टेनचे पेट्रोल? नोएडाकरांसाठी एक कृती

नोएडात पंपावर गाडी उभी केली की झाकण उघडायच्या आधीच प्रश्न येतो, "सर, नॉर्मल या पावर?" पंधरा-वीस लाखांची नवी गाडी असली की माणूस मागेपुढे पाहतो आणि "पावर" म्हणून मोकळा होतो. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने स्ट्राँग हायब्रिड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला. दहा लाखांवरच्या गाडीला हा कर तेव्हा एरवी दहा टक्के पडायचा, त्यामुळे नोएडातल्या अनेक घरांत हायब्रिड आली. अशा गाडीत कोणते पेट्रोल भरायचे, हे पुढच्या पायऱ्यांनी एकदा ठरवून टाका.

जवळ काय हवे : गाडीचे मॅन्युअल, मोबाइलमधला कॅलक्युलेटर आणि काही टाक्या वापरून होईपर्यंतचा धीर.

1. गाडी कोणत्या प्रकारची हायब्रिड आहे, ते पाहा. टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा (स्ट्राँग हायब्रिड), इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी ई:एचईव्ही या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत मोटर एकटीने गाडी ओढू शकते. मारुतीच्या 'स्मार्ट हायब्रिड' गाड्यांत मोटर फक्त इंजिनाला हातभार लावते. जर्मन बनावटीच्या महागड्या माइल्ड हायब्रिड गाड्यांत बहुधा टर्बो इंजिन असते, आणि पेट्रोलबाबत खरे चोखंदळ तेच. पाटीवर तिन्हींना हायब्रिडच म्हणतात, पण पेट्रोलची गरज इंजिन ठरवते, बॅटरी नव्हे.

2. मॅन्युअलमधला आकडा शोधा. तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतही असू शकतो. 'रॉन 91 किंवा अधिक' असे लिहिले असेल (रॉन हे ऑक्टेनचेच माप), तर 91 ही त्या गाडीची पूर्ण गरज आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. सिलिंडरात दाबले गेल्यावर ठिणगीआधीच किंवा भलत्या जागी न पेटण्याची पेट्रोलची क्षमता तो आकडा सांगतो. चष्म्याचा नंबर जेवढा लागतो तेवढाच घ्यायचा असतो, मोठ्या नंबराने नजर सुधारत नाही. ऑक्टेनचेही तसेच.

अमेरिकेतले नातेवाईक "आम्ही 87च भरतो" म्हणाले, तर बुचकळ्यात पडू नका. तिथे पंपावर दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी लिहितात. तिथले 87 म्हणजे आपल्याकडचे साधारण 91.

3. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, वाचून घाबरू नका. हायब्रिडच्या माहितीपत्रकात 13च्या आसपासचा रेशो दिसला की जाणकार मित्र सांगतात, "एवढ्या दाबाला भारी पेट्रोलच हवं." साध्या इंजिनाच्या बाबतीत ही शंका रास्त ठरली असती. मात्र स्ट्राँग हायब्रिडमधले इंजिन बहुधा ॲटकिन्सन पद्धतीने चालते. पिस्टन वर येऊ लागला तरी हवा घेणारा व्हॉल्व्ह काही काळ उघडाच राहतो, थोडी हवा परत जाते आणि खरा दाब कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी पडतो. प्रसरण मात्र पुरेपूर मिळते. त्यात जाणारी ताकद मोटर भरून काढते. म्हणून इतक्या रेशोचे इंजिनही 91 वर सुखाने चालते.

4. पंपावर नाव नको, आकडा वाचा. 'प्रीमियम' हा शब्द काहीच सांगत नाही. कधी त्याचा अर्थ जास्त ऑक्टेन असतो, कधी फक्त इंजिन साफ ठेवणारी रसायने घातलेली असतात. एक्सपी 95, पॉवर 95, स्पीड 97 या नावांत आकडा आहे, तो ग्राह्य धरा. इंडियन ऑइलने 1 डिसेंबर 2020 रोजी शंभर ऑक्टेनचे एक्सपी 100 दहा शहरांत आणले. त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर नोएडाही होते, त्यामुळे हा मोह इथे जुना आहे. "प्रीमियम जास्त स्वच्छ" हेही पूर्ण खरे नाही. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 इंधन आहे आणि गंधकाची दहा पीपीएमची मर्यादा साध्या पेट्रोललाही तेवढीच लागू आहे.

5. इथेनॉलचा प्रश्न वेगळा तपासा. आता साध्या पेट्रोलमध्येही वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याचा ऑक्टेन आकडा मुळातच शंभराच्या वर, म्हणून मिश्रणाचाही वाढतो. वीस टक्के मिश्रणामुळे साधे पेट्रोल 91 वरून 95 पर्यंत पोहोचते, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितले. म्हणजे 91 मागणाऱ्या गाडीला गरजेपेक्षा जास्तच मिळते आहे.

दुसरी बाजूही आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ॲव्हरेज थोडे घटले तर कारण हे आहे, ऑक्टेन नव्हे. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे रबर, सील वगैरे भाग ई-20 साठी, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, बनवलेले असतात. गाडी त्याआधीची असेल, तर मॅन्युअलमध्ये ई-10 लिहिले आहे की ई-20 ते पाहा आणि शंका राहिली तर कंपनीकडून लेखी विचारून घ्या. ऑक्टेनचा आकडा मोठा म्हणून इथेनॉल नाहीच, असे गृहीत धरू नका.

6. हिशेब मांडा. दर पंपावरच्या फलकावरून घ्या. समजा, साधे पेट्रोल 95 रुपये आणि शंभर ऑक्टेनचे 160 रुपये लिटर आहे, आणि गाडी शहरात 22 किलोमीटरचे ॲव्हरेज देते. साध्या पेट्रोलवर किलोमीटरला 4 रुपये 32 पैसे पडतात. महाग पेट्रोल तेवढ्यालाच पडायचे, तर गाडीने 37 किलोमीटर दिले पाहिजेत. ते होणे नाही. 95 ऑक्टेनचे पेट्रोल 102 रुपयांना असेल, तर ॲव्हरेज 23.6 वर जायला हवे. 91 वर जुळवलेल्या इंजिनाला ही दीड किलोमीटरची वाढही जड आहे.

7. तरी मन मानत नसेल, तर पडताळून पाहा. त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या ऑटो-कटपर्यंत टाकी भरा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. दोन-तीन टाक्या साध्या पेट्रोलवर चालवा, मग तेवढ्याच महागड्या पेट्रोलवर. रस्ता तोच, टायरमधली हवा तीच, एसीचा वापरही तसाच हवा. एक आठवडा सेक्टर 18च्या कोंडीत आणि दुसरा ग्रेटर नोएडा एक्स्प्रेसवेवर काढला, तर तुलना फुकट जाते. कोंडीत हायब्रिड बरेचसे अंतर मोटरवर कापते, एक्स्प्रेसवेवर इंजिनाला जास्त काम पडते. मे आणि डिसेंबरचे आकडेही एकमेकांशी ताडू नका.

8. भरताना शब्द स्पष्ट वापरा. "नॉर्मल, दो हज़ार का" असे आधी सांगा, मग नोझल आत जाऊ द्या. मीटर शून्यावर आहे का ते पाहा. शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी, घनता आणि पाच लिटरचे माप मागता येते. मात्र यातल्या कशानेही ऑक्टेन कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतले खास इंजिन लागते. म्हणून भरपूर खपाचा, विश्वासाचा पंप धरून ठेवणे महत्त्वाचे.

9. कान उघडे ठेवा. जास्त दाब, जास्त उष्णता आणि कमी ऑक्टेन एकत्र आले की इंजिनातून धातूवर टकटक केल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. मे महिन्याच्या उन्हात, पूर्ण भरलेल्या गाडीने उड्डाणपूल चढताना तो ऐकू येऊ शकतो. हलके नॉकिंग सेन्सर ओळखतो आणि ठिणगीची वेळ मागे घेतो. आवाज वारंवार येत असेल, तर एकदा पंप बदला. तरीही थांबला नाही तर गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा, महाग पेट्रोल भरून तो दाबू नका.

10. अपवाद लक्षात ठेवा. मॅन्युअलमध्ये 'किमान 95' किंवा त्याहून मोठा आकडा असेल, तर तो आकडा छापलेलेच पेट्रोल घ्या, तिथे काटकसर करू नका. लांबच्या प्रवासात ते मिळाले नाही आणि साधे भरावे लागले, तर ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका, टाकी अर्धी झाली की योग्य पेट्रोलने भरून घ्या. उलट चूक झाली, म्हणजे 91 च्या गाडीत 95 किंवा 100 पडले, तर खिशाखेरीज कशालाच धक्का लागत नाही. दोन्ही एकमेकांत मिसळलेलीही चालतात.

थोडक्यात, मॅन्युअलमध्ये 91 लिहिलेल्या हायब्रिडला साधे पेट्रोलच योग्य. वाचलेले पैसे वेळेवर सर्व्हिसिंग आणि चांगले टायर यांवर घाला, गाडीला त्याचाच उपयोग होईल.