वाहती वाळू आणि अनुदानाचा अर्ज

समुद्राला तालुक्याची, जिल्ह्याची किंवा राज्याची सीमा माहीत नसते. शासनाचा पैसा मात्र अशा सीमा पाळूनच खर्च होतो. तो एखाद्या खात्याच्या नावे, एखाद्या योजनेखाली आणि ठरावीक आर्थिक वर्षासाठी मंजूर होतो. सागरी संवर्धनाचे पुष्कळ प्रकल्प अयशस्वी ठरतात, त्याचे मूळ बहुधा या विसंगतीत असते. निधी अपुरा पडणे किंवा तंत्र सदोष असणे ही कारणे तर असतातच. परंतु अनेकदा चूक त्याहून आधी, म्हणजे अर्जाच्या पहिल्याच पृष्ठावर झालेली असते. ज्या पृष्ठावर प्रकल्पाचे क्षेत्र लिहावयाचे असते, तेथे निसर्गाच्या मापाऐवजी कचेरीचे माप लिहिले जाते. या चुकीचे परिणाम काय होतात आणि ती कशी टाळता येते, हे समजून घेण्यासाठी चेन्नईच्या किनाऱ्याइतके बोलके उदाहरण आपल्या देशात क्वचितच सापडेल.

चेन्नईचा किनारा

दीडशे वर्षांपूर्वी मद्रास शहराला नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे खोल पाण्यात नांगर टाकीत आणि माल लहान होड्यांतून, उसळत्या लाटांतून किनाऱ्यावर आणावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी १८७५ मध्ये समुद्रात दोन लाटारोधक बांध घालण्याचे काम सुरू झाले. १८८१ च्या चक्रीवादळाने त्यांची मोठी हानी केली, तरी ते पुन्हा उभारण्यात आले आणि शहराला बंदर लाभले.

या बांधांनी आणखी एक गोष्ट घडवून आणली. पूर्व किनाऱ्यावर लाटा किनाऱ्याला तिरक्या येऊन आदळतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेने सतत सरकत असते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ती उत्तरेकडे जाते आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, काही प्रमाणात दक्षिणेकडे परतते. वर्षाचा एकूण हिशेब केला असता उत्तरेकडे जाणारी वाळू पुष्कळ अधिक भरते. बंदराच्या बांधांनी हा प्रवाह अडविला. दक्षिणेच्या बाजूस वाळू साचत गेली आणि जेथे पूर्वी समुद्र सेंट जॉर्ज किल्ल्याच्या तटाजवळ येई, तेथे तो दूर हटला. आज जगप्रसिद्ध असलेली मरीनाची रुंद पुळण अशा रीतीने तयार झाली.

जी वाळू दक्षिणेस अडकली, ती उत्तरेस पोहोचू शकली नाही. रोयपुरमपासून तिरुवोट्टियूर व एन्नोरपर्यंतचा किनारा समुद्र खात राहिला. मरीनाची वाढ आणि उत्तर चेन्नईची झीज या एकाच हिशेबाच्या जमा व खर्च अशा दोन बाजू आहेत, हे वाचकाने येथे ध्यानात ठेवावे.

पुळण म्हणजे काय?

उत्तर चेन्नईच्या या पट्ट्यात मच्छीमारांच्या वस्त्या आहेत. तमिळ भाषेत अशा वस्तीला 'कुप्पम' म्हणतात. कोकणातील कोळीवाड्याप्रमाणेच कुप्पममध्येही पुळण म्हणजे रिकामी जागा नव्हे. तेथे होड्या ओढून ठेवल्या जातात, जाळी पसरली व दुरुस्त केली जातात, मासळीचा लिलाव होतो आणि स्त्रिया मासळी सुकवितात. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे जानेवारी ते एप्रिल या काळात अशाच वाळूत अंडी घालतात. पुळण नष्ट झाली म्हणजे मच्छीमाराचे अंगण, त्याचा बाजार आणि कासवाचे घरटे ही तिन्ही एकदमच नाहीशी होतात.

समुद्र घरांपर्यंत आला की लोक संरक्षणाची मागणी करतात आणि ती सर्वस्वी न्याय्य असते. तेव्हा त्या गावापुरता प्रस्ताव तयार होतो, त्यास मंजुरी मिळते आणि मोठमोठे दगड टाकून धूपप्रतिबंधक बंधारा उभा राहतो. त्यामागील घरे काही काळ वाचतात. तथापि बंधारा वाळू निर्माण करीत नाही. किनाऱ्याला काटकोनात समुद्रात घातलेले आडवे बांध दक्षिणेच्या बाजूस थोडी वाळू धरून ठेवतात. पण ती वाळू पुढच्या गावाच्या वाट्याची असते. अशा रीतीने एका गावाचे संरक्षण हे त्याच्या उत्तरेकडील गावाचे संकट ठरते. मग ते गावही अर्ज करते आणि दगडांची रांग पुढे सरकते.

हा प्रश्न एका शहरापुरता नाही. चेन्नई येथील राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह छायाचित्रांच्या आधारे देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा अभ्यास केला. त्यानुसार सुमारे एक तृतीयांश किनाऱ्याची धूप होत असल्याचे दिसून आले. तमिळनाडूत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक, तर महाराष्ट्रात सुमारे एक चतुर्थांश आढळले.

प्रकल्पाचे क्षेत्र

वरील विवेचनावरून अर्जदाराचे पहिले कर्तव्य स्पष्ट होते. प्रकल्पाचे क्षेत्र ठरविताना त्याने वाळूचा प्रवास कोठे सुरू होतो आणि कोठे अडतो हे पाहावे. दोन भूशिरे, दोन नदीमुखे किंवा दोन मोठे बांध यांमधील किनारा, ज्यात वाळूची देवघेव मुख्यतः आतल्या आतच होते, त्याला शास्त्रज्ञ एक स्वतंत्र घटक मानतात. बांधकाम त्यातील एकाच गावी करावयाचे असले, तरी मोजणी संपूर्ण घटकाची झाली पाहिजे.

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे १५० किलोमीटरवर असलेल्या पुदुच्चेरीचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे १९८० नंतरच्या दशकात बंदरासाठी लाटारोधक बांध घातल्यावर शहरासमोरील पुळण नाहीशी झाली. शहर दगडी बंधाऱ्याने सुरक्षित करण्यात आले, पण धूप उत्तरेकडे सरकून तमिळनाडूच्या हद्दीतील मच्छीमार गावांना जाऊन भिडली. संकटाने राज्याची सीमा ओलांडली, परंतु उपाययोजनेचा निधी ती ओलांडू शकत नव्हता. पुढे केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या निधीतून, चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने शहराच्या उत्तर भागासमोर पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा बांध बसविला. लाटांचा जोर त्यावर मोडू लागला आणि शहरासमोर पुन्हा वाळू दिसू लागली. लाटा, प्रवाह व वाळू यांचा आधी अभ्यास आणि मग रचना, असा तेथे क्रम होता.

कोणत्या खात्याकडे जावे?

समुद्रविषयक कामे भारतात अनेक खात्यांत विभागलेली आहेत. जुलै १९८१ मध्ये केंद्र शासनाने महासागर विकास विभाग स्थापन केला. २००६ मध्ये त्यातून आजचे भूविज्ञान मंत्रालय आकारास आले. समुद्राचे निरीक्षण, प्रतिरूपे, तंत्रज्ञान व संशोधन हे त्याचे क्षेत्र होय. 'पृथ्वी' या नावाची त्याची एकत्रित योजना २०२१-२६ या कालावधीसाठी ४,७९७ कोटी रुपयांची होती आणि तीत बाहेरील विद्यापीठे व संस्था यांच्या संशोधनास साहाय्य करण्याचाही भाग होता.

किनारी नियमन, वन्यजीव व खारफुटी हे विषय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालयाकडे येतात. खारफुटीच्या लागवडीसाठी २०२३ च्या अर्थसंकल्पात 'मिष्टी' योजना जाहीर झाली. मासेमारीशी संबंधित कामे मत्स्यव्यवसाय खात्याकडे जातात. २०२० मध्ये सुरू झालेल्या २०,०५० कोटी रुपयांच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून माशांच्या आसऱ्यासाठी समुद्रतळावर कृत्रिम रचना बसविण्याची कामेही हाती घेण्यात आली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी धूप रोखण्याकरिता १,५०० कोटी आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. या रकमा राज्य शासनांमार्फत मिळावयाच्या असतात. एखादी संस्था त्यांसाठी परस्पर अर्ज करू शकत नाही.

योजनांची नावे व मुदती बदलत राहतात. म्हणून अर्ज करताना त्या वेळी अमलात असलेली मार्गदर्शक तत्त्वे मिळवून ती पूर्णपणे वाचणे आवश्यक असते. खात्यांतील मूळ विभागणी मात्र फारशी बदलत नाही. मोजणीसाठी निधी हवा आहे, लागवडीसाठी, उपजीविकेसाठी की बांधकामासाठी, हे अर्जदाराने प्रथम स्वतःशी निश्चित करावे. चांगला प्रस्ताव चुकीच्या खात्याकडे गेला तर त्याच्या गुणांचा विचारही होत नाही.

प्रस्तावाची अंगे

प्रस्तावाचा आरंभ प्रश्नाच्या वर्णनाने होतो. 'समुद्राचा समतोल ढळला आहे' यासारखे विधान खरे असले तरी निरुपयोगी आहे. कोणत्या दोन ठिकाणांच्या दरम्यान, कोणत्या काळात, किनारा किती मीटर मागे सरला, किती घरे व किती होड्यांची जागा गेली, हे सांगितले म्हणजे तपासणाऱ्याला निर्णय घेता येतो.

त्यानंतर पायाभूत मोजणीचा क्रम येतो. काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती नोंदलेली नसेल, तर कामामुळे काय बदलले हे पुढे सिद्ध करता येत नाही. चेन्नईच्या किनाऱ्यावर ही मोजणी किमान एका पूर्ण वर्षाची असावी लागते, कारण वाळू दोन मोसमांत दोन दिशांनी सरकते. केवळ जानेवारीत केलेली मोजणी वास्तवाच्या नेमकी उलट दिशा दाखवू शकते. अशा नोंदी नेहमी महागड्या यंत्रांनीच होतात असेही नाही. चेन्नईत १९८८ पासून विद्यार्थ्यांचे एक कासवसंवर्धन मंडळ हंगामात रात्री किनाऱ्यावर चालत जाऊन घरटी शोधते आणि अंडी उबवणी केंद्रात सुरक्षित ठेवते. वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने ठेवलेली अशी नोंद कोणत्याही प्रस्तावाला बळ देते. वृद्ध मच्छीमारांना जुन्या पुळणीची रुंदी आठवत असते; तिची जुन्या नकाशांशी पडताळणी करून तीही प्रस्तावात घ्यावी.

तिसरे अंग परवानग्यांचे आहे. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. नंतर २०११ व २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. खारफुटी, प्रवाळ व कासवांच्या विणीच्या जागा यांना त्यांत सर्वाधिक संरक्षण आहे. धूप रोखण्याच्या कामांना मुभा असली तरी त्यांसाठी रीतसर अनुमती घ्यावी लागते. ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्याची अंडी हलविण्यासाठीही वन खात्याची परवानगी लागते. परवानगीस लागणारा काळ वेळापत्रकात धरला नाही, तर मंजूर रक्कम आर्थिक वर्षाच्या अखेरीस अखर्चित राहते.

हिशेबाची जबाबदारी

केंद्राचे अनुदान २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार दिले जाते. अर्जासोबत संस्थेची घटना व लेखापरीक्षित हिशेब जोडावे लागतात आणि त्याच कामासाठी अन्य कोणत्याही खात्याकडे अनुदान घेतलेले किंवा मागितलेले नाही, असे प्रमाणित करावे लागते. स्वयंसेवी संस्थेची नीती आयोगाच्या 'दर्पण' प्रणालीवर नोंदणी असावी लागते. अंदाजपत्रकात यंत्रसामग्रीसारखा अनावर्ती खर्च आणि वेतन, प्रवास यांसारखा आवर्ती खर्च वेगळा दाखवावा. खर्चानंतर विहित नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. अनुदानाच्या रकमेवर मिळालेले व्याज शासनाचे असते आणि अनुदानातून घेतलेली मालमत्ता शासनाच्या संमतीवाचून विकता येत नाही. हे नियम अनेकांना जाचक वाटतात. परंतु पैसा सार्वजनिक आहे आणि पुढील हप्ता मागील हिशेबावर अवलंबून असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे प्रयोजन समजते.

पैसा संपल्यानंतर

प्रकल्पाची मुदत सामान्यतः तीन ते पाच वर्षांची असते; समुद्राचे काम मात्र अखंड चालू राहते. म्हणून मुदत संपल्यावर मोजणी कोण करील, ढासळलेले दगड कोण बसवील आणि त्यासाठी तरतूद कोणत्या शीर्षाखाली होईल, याचे उत्तर प्रस्तावातच असले पाहिजे. रोपे लावली म्हणजे खारफुटी झाली असे होत नाही. ती जगली किंवा नाही हे पुढील काही वर्षे पाहावे लागते. पंचायत, मच्छीमार सहकारी संस्था किंवा संबंधित खाते यांपैकी कोणी ही जबाबदारी स्वीकारली असल्यास त्यांचे लेखी संमतिपत्र जोडणे इष्ट होय.

अखेरीस, प्रस्ताव पाठविण्यापूर्वी अर्जदाराने एक कसोटी अवश्य लावावी. प्रकल्पाच्या नकाशाची कड जेथे संपते, त्यापलीकडील पहिल्या गावी जाऊन तेथील लोकांना हा प्रस्ताव वाचून दाखवावा. आपल्या पुळणीचे यामुळे काय होईल, असा प्रश्न ते विचारतील. त्याचे उत्तर मोजणीच्या आधारे देता आले तर प्रस्ताव परिपूर्ण आहे. देता आले नाही, तर तो मंजूर होण्याइतका चांगला असला तरी राबविण्याइतका चांगला नाही, असे समजावे. उत्तर चेन्नईच्या कुप्पममधून आज जेथे केवळ दगडांची रांग दिसते, तेथे एके काळी पुळण होती. आणि हा प्रश्न तेथे वेळेवर कोणी विचारला नव्हता.