आरशातली चांदणी

दहावीचा निकाल लागून आठवडा झाला असेल. संगमनेरहून एक वडील मुलीला घेऊन भेटायला आले. मुलीला ९१ टक्के मिळाले होते आणि तिला अकरावीला आर्ट्स घेऊन मानसशास्त्र शिकायचं होतं. खुर्चीत नीट बसायच्या आधीच वडिलांनी पिशवीतून एक रंगीत फाईल काढून टेबलावर ठेवली. कुणीतरी मुलीच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन ती करून दिली होती. डावा मेंदू इतके टक्के, उजवा इतके टक्के, म्हणून इंजिनिअरिंग योग्य, असं तिच्यात छापलं होतं.

"मॅडम, यात सगळं आलंय. तुम्ही फक्त हिला समजावून सांगा."

मुलगी मान खाली घालून बसली होती. मानसशास्त्रच का, असं विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "मला माणसांची मनं ओळखता येतात. मैत्रिणी सगळं मलाच सांगतात."

या विषयाबद्दल बापाचा एक गैरसमज होता, लेकीचा दुसरा. दोन्हींवर तासभर व्याख्यान देता आलं असतं. त्याऐवजी मी कपाटातून मिरर ड्रॉइंगचा पाट काढला. आपल्याकडच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांतला हा जुना प्रयोग. लाकडी पाटावर दुहेरी रेषेत काढलेली चांदणी, समोर उभा आरसा आणि हात थेट दिसू नये म्हणून मध्ये एक आडोसा. आरशात पाहत दोन रेषांमधल्या वाटेनं पेन्सिल फिरवायची, रेषेला लागली की एक चूक. वडिलांना पाटासमोर बसवलं आणि मुलीच्या हाती स्टॉपवॉच दिलं.

वडिलांचं खतांचं दुकान, हिशेबाला पक्के. पण चांदणीच्या पहिल्याच टोकाला पेन्सिल अडली. हात पुढे न्यायला जावं तर मागे येई. कपाळावर घाम आला. पहिल्या फेरीला तीन मिनिटं लागली, चुका २७. पाचव्या फेरीपर्यंत वेळ निम्म्यावर आला आणि चुका ९ राहिल्या. मुलगी सगळं कागदावर मांडत होती.

"बाबांचा वेळ का कमी झाला?" मी तिला विचारलं.

"सराव झाला म्हणून."

"कशावरून? आधी अनोळखी ठिकाणी ते बावरले होते. तो संकोच गेला म्हणून हात मोकळा झाला असेल, तर?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आणखी एक माणूस पाहिजे. त्याला पहिल्यांदा आणि शेवटीच काढायला लावायचं. मधल्या वेळात तो इथंच बसेल, पण सराव नाही करायचा." जरा थांबून पुढे म्हणाली, "पण एकानं काय कळणार? पुष्कळ माणसं पाहिजेत."

पाठ्यपुस्तकात या मंडळींना नियंत्रित गट म्हणतात. सोळा वर्षांच्या मुलीला तो स्वतःहून सुचला. मैत्रिणी मन मोकळं करतात यापेक्षा मला हे लक्षण जास्त महत्त्वाचं वाटतं. मानसशास्त्र निवडणाऱ्या मुलांमध्ये मी तेच शोधते.

जर्मनीतल्या लायप्झिग विद्यापीठात १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा काढली तेव्हापासून हा विषय तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळा निघाला असं मानतात. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठानं १९१६ मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तोही प्रायोगिक मानसशास्त्राचा. म्हणजे घराण्याचा पाया मोजमापाचा. पदवीच्या वर्गात गेलात की मध्यमान, प्रमाण विचलन आणि सहसंबंध हे शब्द भेटतात. आर्ट्स घेतलं म्हणजे गणित सुटलं, या समजुतीनं आलेली मुलं इथं दचकतात, आणि काही जण विषयच सोडतात. लागणारं गणित दहावीपेक्षा फार अवघड नाही. पण ते टाळून या विषयात पुढे जाता येत नाही, हे प्रवेशाआधी माहीत असलेलं बरं.

सहसंबंधाचं एकच उदाहरण देते, कारण ते पालकांना रोज उपयोगी पडेल. शिकवणी लावणाऱ्या मुलांना जास्त मार्क पडतात असं दिसलं, तर मार्क शिकवणीमुळे वाढले असं लगेच म्हणता येत नाही. शिकवणीचे पैसे भरू शकणाऱ्या घरात पुस्तकं असतात, अभ्यासाला शांत कोपरा असतो, चौकशी करणारं कुणीतरी असतं. मार्क यातल्या कशानं वाढले? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे पहिलीनं दुसरी घडवली असं होत नाही. "आमच्या पुतण्यानं सायकॉलॉजी केलं, अजून घरीच आहे" हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. त्यात तर उदाहरणही एकच असतं.

मनं ओळखण्याबद्दल मी त्या मुलीला नंदीबैलाची आठवण करून दिली. पाऊस पडेल का, पोरगी पास होईल का, असं विचारलं की दारात आलेला नंदीबैल मान डोलावतो. बैलाला पावसाचं काही कळत नसतं, तो मालकाची खूण ओळखतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा असाच गाजला होता. बेरीज विचारली की खूर आपटून बरोबर उत्तर द्यायचा. त्याचा मालक प्रामाणिक होता, मालक नसतानाही घोडा उत्तरं द्यायचा, आणि मोठमोठी माणसं चकित व्हायची. मग ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकांनी साधी युक्ती केली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली, आणि घोडा चुकू लागला. खूर बरोबर आकड्यावर आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची. घोडा ती हालचाल टिपत होता. हे विचारणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

आजही चांगल्या औषधाच्या चाचणीत गोळी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही खरी गोळी कोणती हे सांगत नाहीत. त्यामागे हीच भीती आहे. मला मनं ओळखता येतात असं ज्याला वाटतं, त्यानं आधी स्वतःची हलणारी मान तपासायला शिकावं. ती मुलगी हसली नाही, तिनं ते वहीत लिहून घेतलं.

मग मी वडिलांच्या फाईलकडे वळले. बोटांवरच्या रेषा गर्भातच ठरतात, हे खरं आहे. त्यावरून बुद्धी किंवा करिअर सांगता येतं, याला शास्त्रीय आधार नाही. डाव्या-उजव्या मेंदूच्या टक्केवारीत सत्याचा एक कण आहे, म्हणूनच ती पटते. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी बोलणं हरवलेल्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. इजा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात होती. बहुतेक माणसांत भाषेची मुख्य यंत्रणा डावीकडे असते, हे तिथून कळत गेलं. पण दोन्ही अर्धगोलांना कोट्यवधी तंतूंचा जाड पूल जोडतो आणि साधी बेरीज करतानाही दोघं मिळूनच काम करतात. कुणाचा डावा मेंदू ६० टक्के आणि उजवा ४० टक्के नसतो.

मध्यंतरी 'मिडब्रेन ऍक्टिव्हेशन'चे वर्गही गावोगावी निघाले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे. खरा मध्यमेंदू हा मेंदूच्या खोडाचा वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग. डोळ्यांची हालचाल, आवाजाकडे वळणं, जागं राहणं यांत त्याचा वाटा असतो. त्यातल्या काही पेशी मरू लागल्या की पार्किन्सनचा कंपवात होतो. वर्गात जागं बसून फळ्याकडे पाहणाऱ्या मुलाचा मध्यमेंदू आधीच चालू असतो, त्यासाठी फी भरावी लागत नाही. पट्टीखालून, नाकाशेजारच्या फटीतून मूल पाहतंय का, हे तपासणं फुंग्स्ट यांच्या प्रयोगाइतकंच सोपं आहे.

वडील फाईल बंद करत म्हणाले, "मग मेंदूबद्दल खरं काय शिकवतात?"

मी पुन्हा त्या चांदणीकडे बोट दाखवलं. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये २७ वर्षांच्या एका तरुणाचं ऑपरेशन झालं. फिट्स कशानंच थांबत नव्हत्या, म्हणून विल्यम स्कोव्हिल या सर्जननी मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा आणि आसपासचा बराच भाग काढला. फिट्स पुष्कळ कमी झाल्या, पण त्यानंतर त्याच्या मनात नवी आठवण टिकेना. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याच्यासाठी अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला अशीच चांदणी आरशात पाहून काढायला दिली, तीन दिवस. रोज त्याला वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच पाहतोय. पण रोज त्याच्या चुका कमी होत गेल्या. हात शिकत होता, आणि शिकल्याची त्याला आठवण नव्हती.

म्हणजे स्मरण हे एकच कोठार नाही. झालेल्या घटनेची आठवण आणि हाताला बसलेली सवय मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. पोहायला आलं की जन्मभर येतं, पण मागच्या बुधवारी जेवायला काय होतं ते आठवत नाही. पुस्तकांत त्या तरुणाला पन्नासेक वर्षं 'एचएम' एवढंच म्हणत. २००८ मध्ये तो वारल्यावर हेन्री मोलेसन हे नाव जाहीर झालं. नंतर सॅन डिएगोमध्ये त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून जपून ठेवले गेले. माणसाचा मेंदू सव्वा ते दीड किलोचा. शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला जवळपास पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. या सगळ्या आकड्यांपेक्षा मला त्या माणसाचं जास्त वाटतं. आपण काय देऊन जातोय हे त्याला आठवतही नव्हतं, आणि आज संगमनेरच्या मुलीला स्मृती कशी असते हे त्याच्यामुळे समजतं.

मुलांनो, अभ्यासाचं एक इथंच सांगून टाकते. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर लिहिणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, म्हणून वाचून झालं की पुस्तक मिटा आणि लिहा.

आता पालकांचा खरा प्रश्न, पोटापाण्याचा. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. हा आकडा दाखवून 'या क्षेत्रात भरपूर संधी' असं जाहिरातीत लिहितात. मी तसं म्हणणार नाही. गरज असणं आणि त्या गरजेसाठी पगार देणारी जागा असणं यांत अंतर आहे. ते अंतर कमी होतंय, पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं पगार तुटपुंजा असतो. घरात त्याची तयारी हवी.

मार्ग ओळखूनच निवडा. औषधं लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. आधी एमबीबीएस, मग त्या विषयातलं एमडी. मुलीला तेच करायचं असेल तर अकरावीला विज्ञान आणि नीट, दुसरा रस्ता नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेनं, म्हणजे आरसीआयनं मान्य केलेली पात्रता लागते. आजवर ती बहुधा एम. ए. नंतरच्या दोन वर्षांच्या एम. फिल.मधून मिळायची, म्हणजे बारावीनंतर सातेक वर्षं. ही पद्धत सध्या बदलते आहे, नवे अभ्यासक्रम येत आहेत. त्यामुळे प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव स्वतः पाहा, माहितीपत्रकावर विसंबू नका. सहा आठवड्यांच्या सर्टिफिकेटनं कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही.

याशिवाय शाळेतले समुपदेशक, कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग, ॲप वापरताना माणूस कुठे अडखळतो हे तपासणारे संशोधक, सैन्यदलाच्या निवड मंडळांतले मानसशास्त्रज्ञ, नेट-सेट देऊन प्राध्यापकी. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत बुद्धिमत्तेच्या चाचण्यांवर किती वर्षं काम चाललंय, ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएचमध्ये १९९० पासून काय उभं राहिलंय, हे सुट्टीत एकदा जाऊन पाहण्यासारखं आहे. विज्ञान घेतलेल्या मुलांनाही पदवीला मानसशास्त्र घेता येतं, तेव्हा अकरावीचा निर्णय म्हणजे जन्माची गाठ नव्हे.

'ऐकून घेणं म्हणजे काय मोठं काम?' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी गोव्यातला एक प्रयोग सांगते. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ माणसांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. दुसऱ्याला त्यासोबत सहा ते आठ वेळा भेटून बोलणारा समुपदेशक दिला. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी पहिल्या गटात ३९ टक्के माणसं आजारातून बाहेर आली होती, दुसऱ्यात ६४ टक्के. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेचं हे काम २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. बोलण्यानं बरं वाटतं हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. कोणतं बोलणं, किती वेळा, कितीजणांना, हे मोजून दाखवल्यावर सरकारी दवाखान्यात त्याची मागणी करता येते. त्या मोजण्यासाठी आणि ते प्रशिक्षण घडवण्यासाठी शिकलेली माणसं लागतात.

निघताना वडिलांनी विचारलं, कॉलेज कोणतं घेऊ? नाव सांगण्याऐवजी मी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. प्रयोगशाळा उघडून दाखवायला लावा. मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नल्स चाळा, आणि त्यांतले आकडे मुलागणिक वेगळे आहेत का ते पाहा, कारण सगळ्यांचे सारखे असतील तर प्रयोग झालेलेच नाहीत. आणि शिकवणाऱ्या बाईंना विचारा की तुमच्या एखाद्या प्रयोगात अपेक्षेविरुद्ध काही आलं होतं का.

ते पायऱ्या उतरले, आणि मुलगी परत वर आली. "बाबांनी डाव्या हातानं काढली असती तर? पहिल्यांदाच सोपं गेलं असतं, की पुन्हा तीन मिनिटं लागली असती?"

मी तिच्या हातात पाट दिला आणि वडिलांना वर बोलवायला सांगितलं.