बाँडवरची सोडचिठ्ठी आणि कोर्टाचा घटस्फोट : फरक समजून घेऊया



नांदेड-लातूर भागात शाळाप्रवेशाच्या दिवसांत एक वाक्य कानावर पडतंच : "सर, आमची सोडचिठ्ठी झालीय, बाँड आहे ना!" पिशवीतून स्टॅम्प पेपर निघतो. त्यावर नवरा-बायकोच्या सह्या, चार पंचांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का असतो. लेकरू कुणाकडे राहील, तेही त्यातच लिहिलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, विषय संपला. पण कायद्याच्या नजरेत ते दोघं बहुतेक वेळा अजून नवरा-बायकोच असतात. हा फरक आणि घटस्फोटाची खरी प्रक्रिया आजच्या पाठात पाहू.

१) बाँड पुरेसा का नाही?

सोडचिठ्ठी, फारकत, काडीमोड हे शब्द आपल्याकडे जुने आहेत. अनेक जातींत पंचांसमोर नातं तोडण्याची आणि बाईचा पाट लावण्याची रीत होती. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. म्हणून तो कायदा इकडे आला नाही. आपल्याकडे हिंदू विवाह कायदा लागू झाला तो १८ मे १९५५ पासून. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तोच लागू आहे. मुस्लिम, ख्रिश्चन आणि नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांसाठी वेगळे कायदे आहेत.

१९५५ च्या कायद्याच्या कलम २९ ने जातीतली जुनी घटस्फोटाची प्रथा मोडीत काढलेली नाही. पण वाद झाला तर ती प्रथा जुनी, सलग चालत आलेली आणि सगळ्यांनी पाळलेली आहे, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. "आमच्यात असंच चालतं" एवढं म्हणून भागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी विभागानेही नोटरींना लग्न-घटस्फोटाचे असे कागद करू नका, अशी ताकीद दिली आहे. बाँड शंभरचा असो की पाचशेचा, त्याने लग्न मोडत नाही.

२) मग अडतं कुठे?

बाँडवर विसंबून दुसरं लग्न केलं, तर ते कायद्याने रद्दबातल ठरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे तो गुन्हाही आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते.

सगळ्यात जास्त भोगावं लागतं ते दुसऱ्या बायकोला. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितलं, की पहिलं लग्न कायम असताना केलेल्या दुसऱ्या पत्नीला फौजदारी कायद्यातली पोटगी मागता येत नाही. २०१३ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, नवऱ्याने पहिलं लग्न लपवून फसवलं असेल तर पोटगी द्यावी लागेल, असा दिलासा मिळाला. पण ती फसवणूक सिद्ध करायला बाईलाच कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. नवरा सरकारी नोकरीत असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

अशा लग्नातली मुलं मात्र कलम १६ प्रमाणे औरसच मानली जातात. लेकराकडे बोट दाखवायचा अधिकार कुणालाच नाही.

३) खरी प्रक्रिया कशी असते?

• कुठे जायचं? नांदेड आणि लातूरला कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे ते नाही, तिथे दिवाणी न्यायालयात अर्ज होतो. लग्न जिथे झालं, दोघं शेवटी जिथे एकत्र राहिले किंवा समोरचा माणूस जिथे राहतो, तिथे अर्ज करता येतो. अर्ज बायकोचा असेल तर ती सध्या जिथे राहते, उदा. माहेरी, तिथेही चालतो.

• कधी? साधारणपणे लग्नाला एक वर्ष झाल्याशिवाय अर्ज घेत नाहीत.

• दोघं तयार असतील तर (कलम १३-ब) : किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं. संयुक्त अर्ज दिल्यावर सहा महिने थांबून पुन्हा दोघांनी संमती सांगायची. मधल्या काळात कुणीही माघार घेऊ शकतं. पोटगी, मुलांचा ताबा असं सगळं आधीच मिटलेलं असेल, तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे.

• एकच तयार असेल तर (कलम १३) : क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षे टाकून देणं असं कारण पुराव्यानिशी मांडावं लागतं. समोरच्याला नोटीस जाते, समुपदेशन होतं, मग साक्षी-पुरावे. यात किती तारखा पडतील, हे आधी सांगता येत नाही.

• खर्चाचं काय? केस चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगी मागता येते. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करायचा.

• शेवट : कोर्टाचा हुकूमनामा झाला की घटस्फोट झाला. त्याची प्रमाणित नक्कल जपून ठेवा. लढून झालेल्या केसमध्ये अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाची घाई नको.

४) शाळेने काय लक्षात ठेवावं?

बाँडवर लिहिलेला मुलाचा ताबा कोर्टाला बांधील नसतो. कोर्ट आधी मुलाचं हित बघतं, आणि पाच वर्षांपर्यंतचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं असं कायदा सांगतो. म्हणून दाखला किंवा मूल कुणाच्या हवाली करायचं यावरून वाद झाला, तर बाँड नव्हे, कोर्टाचा आदेश मागावा. आदेश नसेल तर आई-वडील दोघंही पालकच आहेत, हे धरून चालावं. आणि ही चौकशी लेकरासमोर, वर्गात कधीही करू नये.

समारोप

घटस्फोट म्हणजे बदनामी नव्हे, कायद्याने दिलेली वाट आहे. पण ती वाट कोर्टातूनच जाते. गावात कुणी "बाँड करून टाकू, कशाला कोर्टाच्या भानगडीत पडायचं?" म्हणालं, तर त्यांना एवढंच विचारा : उद्या ही पोरगी नव्या घरी गेली, तर तिचा हक्क कुठल्या कागदावर उभा राहील?