सूर्यावरचे डाग आणि आपला पाऊस

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यापासून आमच्या बेळगाव-विजापूरपर्यंत माणसं अन्नावाचून मेली. तेव्हा काही जाणकारांनी त्याचं कारण थेट सूर्यावर शोधलं. सूर्यबिंबावरचे काळे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढतात-घटतात, हे ठाऊक झालं होतं. १८७७ मध्ये विल्यम हंटर आणि नॉर्मन लॉकियर यांनी मद्रासच्या पावसाचे आकडे डागांशेजारी मांडले. डाग कमी तेव्हा पाऊस कमी, असं त्यांचं म्हणणं. ते खरं ठरलं असतं तर पुढचा दुष्काळ पंचांगात बघून सांगता आला असता! कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहिली त्यामागे ही आशासुद्धा होती.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख झाले. त्यांनी डाग आणि पाऊस यांचा संबंध गणिताने तपासला. अंदाज बांधण्याजोगं काही निघालं नाही. पण आकडे चाळता चाळता त्यांना वेगळंच दिसलं. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलटही होतं. जणू समुद्रावर टांगलेला झोपाळाच. एल निन्यो आणि ला निन्या ही याच झोपाळ्याची दोन टोकं, हे पुढे कळलं.

मग सूर्याचा काहीच हात नाही का? इथे प्रकरण मजेशीर होतं. डाग जास्त असतात तेव्हा सूर्य उलट किंचित अधिक तेजस्वी असतो. फरक मात्र जेमतेम ०.१ टक्का. एवढ्याने समुद्र कसा हलेल? काही संशोधकांची मांडणी अशी: ढग नसलेल्या भागात थोडं जास्त ऊन पडतं, बाष्प वाढतं. व्यापारी वारे ते पश्चिमेकडे नेतात, तिथे पाऊस वाढतो, त्यामुळे वारे आणखी जोर धरतात. जोराच्या वाऱ्याने पूर्व प्रशांतात खालचं गार पाणी वर येतं. म्हणजे बघा, सूर्य तापला आणि समुद्राचा तो भाग गारठला, ला निन्यासारखा!

मला ही साखळी पटण्याजोगी वाटते, पुरावा मात्र तोकडा वाटतो. १५० वर्षांत डागांची शिखरं येतात तेरा-चौदा. एल निन्यो दर दोन ते सात वर्षांनी आपल्याच तालात येतो. इतक्या थोड्या शिखरांवर योगायोगाने जुळलेलं काय आणि खरं काय, हे निवडायचं कसं?

अलीकडचंच घ्या. २०१९ च्या अखेरीस डाग अगदी कमी होते, आणि २०२० पासून ला निन्या सलग तीन हिवाळे ठाण मांडून बसली. डाग शिखराकडे चढत असताना २०२३ मध्ये आला एल निन्यो. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, कर्नाटकात दुष्काळ जाहीर झाला. वरच्या मांडणीच्या दोन्ही गोष्टी उलट्या. मान्सूनचा अंदाज देताना हवामान खातं आजही प्रशांताच्या पाण्याचं तापमान बघतं, सूर्यावरचे डाग मोजत नाही.